विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सतत गाव बदलणाऱ्या माणसाविषयी थोड्या करुणेने, थोड्या थट्टेने ती वापरली जाते. तिच्यामागे प्राणिशास्त्रातील एक सत्य दडलेले आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. विंचवीण अंडी घालत नाही. ती जिवंत पिलांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती पिले आईच्या पाठीवरच बसून राहतात. म्हणजे त्या म्हणीतले बिऱ्हाड हे सामानसुमान नव्हे, तो तिचा संसार असतो. आमच्या पाठीवरचा असा संसार मुले मोठी होऊन परगावी गेल्यावर उतरला आणि पाठी अचानक मोकळ्या झाल्या. त्या मोकळ्या पाठींवर दोन पिशव्या घेऊन आम्ही उभयता आठ दिवस कोकणच्या किनाऱ्याने हिंडलो, त्याचा हा वृत्तान्त आहे.

आमची व्यथा बहुतेक व्यवसायबंधूंना परिचित असेल. मी बालरोगतज्ज्ञ, ही स्त्रीरोगतज्ज्ञ. निपाणीत आमचे छोटेसे रुग्णालय आहे. ते सुरू केल्यापासून सव्वीस वर्षांत आम्ही दोघे मिळून सलग तीन दिवसांच्या वर कधी गाव सोडले नव्हते. लग्नकार्य असो वा वैद्यकीय परिषद, एकाने जायचे आणि एकाने राहायचे, हा अलिखित नियम होता. कोणाची तरी प्रसूती 'आज-उद्या' असायची आणि कोणाचे तरी बाळ काचपेटीत असायचे. वर्षे अशीच गेली.

परदेशी असलेल्या मुलाने आणि सूनबाईने एकदा कॅरिबियन समुद्रातील टोबॅगो आणि डॉमिनिका ह्या बेटांवरची छायाचित्रे पाठविली. मोठी हॉटेले टाळून, पाठीवर पिशव्या टाकून, कोळ्यांच्या वाड्यांतून राहत ती दोघे हिंडली होती. 'आई-बाबा, तुम्हीही या,' असा आग्रह त्यांनी धरला. मी पारपत्राची मुदत पाहू लागलो. ही मात्र शांतपणे म्हणाली, "अहो, आपल्या गावातून जो रस्ता निघतो त्याचे नाव देवगड-निपाणी. सव्वीस वर्षे आपण नुसती पाटी वाचतोय. आधी त्या रस्त्याच्या टोकाचा समुद्र तरी बघू या."

ह्या उत्तरावर प्रत्युत्तर नव्हते. 2024 च्या जानेवारीअखेर आम्ही दोन मित्रांवर दवाखान्याचा भार सोपविला आणि निघालो. नियम तीनच ठरविले: स्वतःची मोटार न्यायची नाही, आगाऊ आरक्षण करायचे नाही, आणि जे पाठीवर मावेल तेवढेच न्यायचे. वजनकाट्यावर माझी पिशवी सहा किलो भरली, हिची साडेपाच. त्यात दोन जोड कपडे, पंचा, विजेरी, पाण्याची बाटली आणि सवयीने टाकलेला स्टेथोस्कोप एवढेच होते. शिवाय जलसंजीवनीची पाकिटे आणि औषधांची एक डबी होती.

अशा प्रवासाचे शास्त्र पाश्चात्त्यांनी रूढ केले असे आपण मानतो. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपे 1972 साली लंडनहून खुष्कीच्या मार्गाने आशिया ओलांडत ऑस्ट्रेलियाला पोहोचले आणि त्या अनुभवावर त्यांनी 1973 मध्ये छोटेखानी पुस्तक काढले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या 'लोनली प्लॅनेट' मार्गदर्शिकांचा तो आरंभ होता. परंतु पंढरीची वारी करणाऱ्या आपल्या समाजाला पाठीवर वळकटी टाकून चालणे कोणी शिकवायला नको. आपण ते विसरलो आहोत, इतकेच.

निपाणी सोडली की कर्नाटक संपते आणि महाराष्ट्र सुरू होतो. ज्या देवचंद महाविद्यालयात निपाणीच्या पिढ्या शिकल्या ते अर्जुननगरचे आवारही महाराष्ट्राच्या हद्दीतच येते. त्यामुळे सीमा ओलांडल्याचे आम्हांस काही वाटत नाही. ह्या वेळी मात्र तिकिटाने ती जाणवली. महाराष्ट्रात 2023 च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धे भाडे आहे. हिचे अर्धे, माझे पूर्ण! प्रवासभर ही सवलत हिच्या थट्टेचा विषय झाली.

राधानगरीला गाडी बदलली. राजर्षी शाहू महाराजांनी उभारणी आरंभलेल्या धरणाचे पाणी उजाडत्या उन्हात चमकत होते. पुढे दाजीपूरचे, गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले दाट जंगल लागले आणि मग फोंडा घाटाची उतरण. हवा बदलली, मातीचा रंग तांबडा झाला, कौलांची घरे दिसू लागली.

ह्याच गाडीत, आमच्या पुढच्या बाकावर, एक तरुण आई बसली होती. मांडीवर दीड-दोन वर्षांचे मूल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली दवाखान्याची फाईल. मूल खोकत होते. डॉक्टर असल्याचे न सांगता हिने तिच्याशी बोलणे काढले. मुलाला न्यूमोनिया झाला होता. घाटावरच्या एका शहरात बालरोगतज्ज्ञाकडे चार दिवस ठेवले, बरे वाटल्यावर घरी पाठविले आणि 'पाचव्या दिवशी दाखवायला आणा' असे सांगितले. त्याप्रमाणे ती आदल्या दिवशी वर गेली होती. तिच्या गावात रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी पहाटे साडेपाचला सुटते. ती पकडून, तीन गाड्या बदलून, ती साडेअकराला दवाखान्यात पोहोचली. तिचा नंबर दोन वाजता लागला. परतीच्या शेवटच्या गाडीने ती घाटापर्यंतच पोहोचू शकत होती, म्हणून रात्र राधानगरीत एका लांबच्या नात्यातल्या घरी काढली. नवऱ्याचा एक खाडा, तिचे दोन. "डॉक्टरांनी काय सांगितले?" असे हिने विचारले. ती हसली. छाती तपासली, आता बरे आहे म्हणाले.

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तो डॉक्टर मी नव्हतो, पण असू शकलो असतो. 'पाचव्या दिवशी दाखवणे' ही तीन शब्दांची ओळ माझ्या हातून सव्वीस वर्षांत किती हजार कागदांवर लिहिली गेली असेल! ती लिहिताना ती चुकीची नसते. न्यूमोनियातून उठलेल्या मुलाची फेरतपासणी आवश्यकच असते. पण त्या तपासणीत मी करतो काय? एक मिनिट श्वास मोजतो, छाती ऐकतो, वजन करतो, मूल खाते-पिते का ते विचारतो. ह्यातले सारे तिच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर करू शकला असता. हवी होती फक्त त्याच्या नावे चार ओळींची चिठ्ठी. ती लिहावी असे मला कधी सुचलेच नाही, कारण घाटाखालचे रुग्ण आपल्याकडे वर येतात, हे आपण गृहीत धरलेले आहे. चंदगड, आजरा, सावंतवाडी, दोडामार्ग इथून बेळगावला आणि कणकवली-फोंड्याकडून कोल्हापूर-निपाणीकडे रुग्ण येतच असतात. ते येतात कसे, हे पाहायला आपण कधी खाली उतरत नाही.

फोंड्याला ती उतरली. हिने तिला डबीतली जलसंजीवनीची पाकिटे दिली आणि आम्ही पुढे निघालो. देवगडच्या कड्यावरून समुद्र दिसला तेव्हा आनंद झालाच. पण ती फाईल मनातून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी कुणकेश्वरचे समुद्रालगतचे मंदिर पाहून आम्ही आचऱ्याला गेलो. गाव शांत, नारळी-पोफळींच्या सावलीतले. जेवणात उकड्या तांदळाचा भात, काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि सोलकढी. यजमान आजोबांनी आचऱ्याच्या प्रसिद्ध गावपळणीची हकीकत सांगितली. दर काही वर्षांनी ग्रामदैवत श्री रामेश्वराचा कौल घेऊन सारे गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहायला जाते. गुरेढोरे, कोंबड्या, म्हातारीकोतारी, तान्ही बाळे सारी बाहेर. घरे मोकळी, गाव निर्मनुष्य. शिवाराबाहेर झोपड्या घालून लोक एकत्र रांधतात, भजने करतात, आणि कौल झाला की परततात. माझ्या वैद्यकीय बुद्धीला लगेच साथीचे रोग, निर्जंतुकीकरण असे अर्थ सुचू लागले. आजोबांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "तसा असात. पण आमच्यासाठी देवाचो हुकूम. गाव त्येचो, आमी भाडेकरी."

त्या रात्री ही म्हणाली, "बघा, अख्खे गाव बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडू शकते. आपल्याला एक दवाखाना सव्वीस वर्षे बंद करता आला नाही." त्यात तक्रार नव्हती, पण सत्य होते. आपल्यावाचून चालणार नाही, ही डॉक्टरची मोठी समजूत असते. त्या तीन रात्री आमच्या रुग्णालयात दोन प्रसूती झाल्या आणि दोन्ही सुखरूप झाल्या, हेही इथे नमूद केले पाहिजे.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याला नमस्कार करून आम्ही गर्दी टाळत देवबागला गेलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी असे ते गाव आहे. संगमापाशी एका होडीवाल्याने आम्हांला पलीकडे भोगव्याला सोडले. तिथून निवतीपर्यंत चालत गेलो. चढ-उताराची ती वाट पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना जाणवते खरी. परंतु निवतीच्या किल्ल्यावरून एकीकडे भोगव्याचा रुपेरी किनारा आणि दुसरीकडे समुद्रातले निवतीचे खडक पाहिल्यावर गुडघ्यांची आठवण राहत नाही.

निवतीला आम्ही दोन रात्री राहिलो. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. आम्हीही दोरीला हात लावला. अर्ध्या तासात तळहात सोलवटले. जाळ्यात थोडे बांगडे आणि तारल्या निघाल्या. पर्ससीन जाळी आणि रात्रीच्या एलईडी दिव्यांची मासेमारी ह्यांमुळे किनाऱ्यालगतची मासळी घटल्याची खंत प्रत्येकाच्या बोलण्यात होती. तरीही आमच्या पिशवीत त्यांनी ओंजळभर तारल्या घातल्याच. दोरीला हात लावला त्याला रिकामे पाठवायचे नाही, ही तिथली रीत.

घरमालकीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी बजावले होते, "सकाळी पिशयो आणि चपला झाडून घेवा हां. इंचू आसतत." जांभ्या दगडाच्या गडग्यांत, लाकडांच्या ढिगांत कोकणचा लाल विंचू राहतो. हे ऐकताच एका थोर व्यवसायबंधूंचे स्मरण झाले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचूदंशाने लहान मुले डोळ्यांदेखत दगावत होती. प्रथम घाम, उलट्या, हातपाय गार, आणि मग फुप्फुसांत पाणी. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून ह्या लक्षणांची नोंद केली. त्यांचे निरीक्षण 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी ह्या रुग्णांना दिले आणि मृत्यूचे प्रमाण कमालीचे खाली आले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास मुले व मोठी माणसे अधिक लवकर सावरतात, हे दाखविणारा त्यांचा अभ्यास 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सारे घडले ते ग्रामीण कोकणात. रुग्ण कुठून येतो, कोणत्या गडग्यापाशी काम करतो, हे ज्याने जवळून पाहिले त्यालाच हे साधले.

वेंगुर्ल्यात आणखी एक धडा वाट पाहत होता. बेळगावकरांना वेंगुर्ले परके नाही. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावच्या छावणीचा माल ह्याच बंदरात उतरून घाटाने वर जात असे. सतराव्या शतकातील डच वखारीचे अवशेष आजही तिथे उभे आहेत. मला मात्र आठवले ते गोहीन कुटुंब. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत डॉ. गोहीन हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर सपत्नीक इथे येऊन राहिले आणि त्यांनी रुग्णसेवा केली. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1919 साली वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 ते 1980 ह्या काळात अमेरिकेचा भारतातील राजदूत म्हणून परत आला. सातासमुद्रापलीकडून एक डॉक्टर जोडपे ह्या किनाऱ्यावर येऊन राहिले, आणि आम्हांला घाट उतरायला सव्वीस वर्षे लागली!

शेवटचा मुक्काम शिरोड्याला. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाने हे गाव इतिहासात गेले. मिठागरांची पांढरी चौकटी अजूनही दिसते. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 इथे शिक्षक होते. सांगलीत जन्मलेला हा लेखक ह्या लहानशा गावात अठरा वर्षे रमला. जवळच आरवलीला श्री वेतोबाचे मंदिर आहे. हा देव रात्री गावाच्या रक्षणासाठी पायी फिरतो, त्यामुळे त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. नवसाच्या चपलांची ती रांग पाहून मी बराच वेळ उभा राहिलो. फिरून चपला झिजविणारा देव! गृहभेटीला जाणारे जुन्या पिढीतले डॉक्टर आठवले. तेही असेच चपला झिजवीत असत.

रेडीहून चालत आम्ही तेरेखोलला गेलो. नदीच्या उत्तर तीरावरचे हे गाव गोव्याचे, पण जमिनीवरून ते महाराष्ट्राने वेढलेले आहे. गोव्याच्या मुख्य भूमीकडे जायचे तर केरीची फेरीबोट धरायची. ह्याच किल्ल्यावर 15 ऑगस्ट 1954 रोजी, गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना, सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला होता. सीमाभागातल्या माणसाला अशा गावाचे नवल वाटत नाही, जवळीक वाटते. रेषा नकाशावर असतात. ताप आलेले मूल जवळचा दवाखाना शोधते, तो कोणत्या राज्यात आहे हे पाहत नाही.

परत येताना सावंतवाडीहून आंबोली घाट चढलो. आंबोलीला हिरण्यकेशी उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वराकडे वाहत येते. आम्हीही त्याच वाटेने आलो. संकेश्वरला कर्नाटकाच्या गाडीत बसलो. 'शक्ती' योजनेमुळे हिचे तिकीट आता पूर्ण फुकट! "जाताना अर्धी, येताना मोफत. समुद्र बघायला बायकांनीच जावे," असे म्हणून ही हसली. इतक्या वर्षांत मी तिला असे निवांत हसताना क्वचितच पाहिले होते.

ज्या व्यवसायबंधूंना असा प्रवास करावासा वाटेल त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, परंतु सुट्ट्यांचे दिवस आणि मे महिना टाळावा. पिशवी सात किलोंच्या आत ठेवावी. रोज सकाळी ती आणि चपला झाडून घ्याव्यात. वस्तीची गाडी किती वाजता सुटते, हे उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावे. आणि पतिपत्नी दोघांनी मिळून जावे. एकाने जायचे आणि एकाने राहायचे, हा नियम एकदा तरी मोडावा.

आमच्या दवाखान्यात आता एक छोटा बदल झाला आहे. केसपेपरवर वय आणि वजन ह्यांच्या खाली 'गाव, आणि परतीची शेवटची गाडी' असा एक रकाना छापून घेतला आहे. लांबून आलेल्या मुलाला आधी तपासतो. फेरतपासणी गावाजवळ होण्यासारखी असेल तर तिथल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देतो, खाली माझा दूरध्वनी क्रमांक लिहितो आणि धोक्याची लक्षणे आईकडून वदवून घेतो. काही चिठ्ठ्यांना उत्तरेही येतात. 'श्वास मिनिटाला बत्तीस, छाती स्वच्छ, वजन दोनशे ग्रॅमने वाढले' असे उत्तर अलीकडेच घाटाखालून आले. ते मी हिला वाचून दाखविले.

फोंड्याला उतरलेल्या त्या आईचे नाव आम्ही विचारले नव्हते. तिचे मूल आता धावत असेल. पिशव्या मात्र आम्ही माळ्यावर टाकलेल्या नाहीत. त्या दाराशीच खुंटीला आहेत.